काशीदच्या उतारावरचा रिकामा खोका

१

काशीद गाव लागायच्या आधी जो उतार आहे, त्याच्या खालच्या खडकांत एक लाकडी खोका अडकून पडला होता. कोळीवाड्यातल्या चार जणांनी दोर लावून तो वर ओढला आणि रस्त्याच्या कडेला ठेवला, तेव्हा जमलेल्या गर्दीत काहींनी चपला काढून हात जोडले. खोका चौलच्या सोमजाई देवीच्या घंटेचा होता. फिरंग्यांच्या काळातली, काशाची, सव्वाशे किलोच्या आसपास वजनाची. मुरूडला जुन्या घंटांचं प्रदर्शन भरणार होतं, त्यासाठी ती पहिल्यांदाच गावाबाहेर जाणार होती. आणि आदल्या सकाळी याच उतारावर तिचा ट्रेलर उलटला होता.

हवालदाराने पहारीने वरच्या फळ्या उचकटल्या. आत भिजलेला पेंढा होता, गोणपाट होतं. घंटा नव्हती.

"पाण्यात पडली असंल," गर्दीतून कुणी म्हणालं.

"पडंल कुठून?" दोर ओढणारा कोळी म्हणाला. "खिळे बघा की. एक पण सुटलेला न्हाय."

मग सगळे एकदम बोलायला लागले.

क्षिप्रा टिपणीस त्या गर्दीच्या जरा बाहेर, रस्त्यावर उकिडवी बसली होती. ती अलिबागला असायची. विमा कंपन्या तिला अपघात झालेल्या गाड्या बघायला पाठवत. वय पस्तिशीचं, शिक्षण यंत्र अभियांत्रिकीचं, आणि स्वभाव असा की गाडी कशी मोडली यापेक्षा मोडायच्या आधी ती कशी चालत होती यात तिला जास्त रस. प्रदर्शनवाल्यांनी घंटेचा प्रवासाचा विमा उतरवला होता, म्हणून ती आली होती.

ती बघत होती ते खोक्याकडे नव्हे, डांबराकडे. उताराच्या मध्यापासून टायरच्या खुणा सुरू होत होत्या. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, पुन्हा डावीकडे, प्रत्येक वळसा आधीच्यापेक्षा रुंद. साप सळसळत गेला असावा तशा. आणि शेवटच्या वळशाशी रस्त्यावर काळ्या वाळूचा सडा पडला होता.

तिने चिमूटभर उचलून तळहातावर घेतली. खाली काशीदचा किनारा पांढराशुभ्र दिसत होता. ही वाळू इथली नव्हती.

"मॅडम," हवालदार जवळ येऊन म्हणाला, "तुमचं काम सोपं झालं. ड्रायव्हरच्या रक्तात दारू नाही, असा रिपोर्ट आलाय. शुद्धीत होता, म्हणजे गाडी मुद्दाम पाडली. घंटा वाटेत विकली आणि अपघाताचं नाटक केलं. आज संध्याकाळी गुन्हा दाखल होतोय."

२

काळूराम म्हात्रे अलिबागच्या सरकारी दवाखान्यात पाय वर टांगून पडला होता. पेणकडचा आगरी माणूस, बापाची मिठागरं गेल्यावर स्टिअरिंग धरलं ते पन्नाशी उलटली तरी सोडलं नाही. उशाशी त्याची मुलगी अमिषा बसली होती. क्षिप्राने ओळख सांगितल्याबरोबर ती उठून उभी राहिली.

"तुम्ही पण हेच विचारणार ना, घंटा कुठे आहे?"

"नाही," क्षिप्रा म्हणाली. "मला विचारायचंय की ट्रेलर कसा चालत होता."

काळूरामने मान वळवली. कालपासून त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"नाचत होता, मॅडम. गावातून हळू आलो तवा काय न्हाय. रस्ता मोकळा झाला, जरा पाय दिला, की मागून शेपूट हलवाला लागला. माना वाटला हवा कमी हाय. रेवदंड्याला उतरून बघितला, चाकं टणक. चहा घेतला, निघालो. पूल, कोर्लई, बोर्ली, सगळीकडं पाय काढला की गप, पाय दिला की नाच. आन् उताराला तं गाडी आपसूक पळते. मी ब्रेक मारला तं जास्तच उसळला. जीपला धरून हिसकत होता. कुत्रा कसा फडका धरून झाडतो, तसा."

"सामान कसं लावलं होतं?"

"पुढं घंटेचा खोका. मधे प्रदर्शनाच्या फळ्या. मागं फाळक्याला लागून वाळूची पोती."

"पोती?"

"सहा. मुरूडला कुंड्यांत झाडं लावाची हायेत, त्याला. चौलचे भाऊ, देवळाचे विश्वस्त, बोलले तसा."

क्षिप्राने मनात ते सामान मांडून बघितलं. सव्वाशे किलोची घंटा पुढे, हलक्या फळ्या मधे, पोती मागे. काळूरामने सांगितलं तसं सामान असेल, तर तो ट्रेलर दोरीने बांधलेल्या वासरासारखा मुकाट मागे यायला हवा होता.

"खोका तुम्ही चढवला?"

"न्हाय. ट्रेलर आदल्या दिवशी तिथं सोडलेला. मी सकाळी गेलो तवा सगळा लावून, बांधून तयार होता. वर हार घातलेला. मी फक्त जीप मागं घेतली, ट्रेलरचा दांडा उचलला, जीपच्या मागच्या गोळ्यावर बसवला."

"जड गेला?"

काळूराम एवढ्या वेदनेतही थोडा हसला. "न्हाय, उलट. एका हातानं उचलला. मनात बोललो, आज देवीची कृपा हाय."

अमिषा क्षिप्राच्या तोंडाकडे बघत होती. "मॅडम, काय झालं?"

"काही नाही," क्षिप्रा म्हणाली. पण तिने पर्स उचलली ती घाईतच. "तुझ्या बाबांना सांग, कुठल्याही कागदावर सही करू नका म्हणावं. उद्यापर्यंत तरी."

३

मितेश भोईर काशीदच्या किनाऱ्यावर पर्यटकांना पाण्यावरच्या स्कूटर भाड्याने देई. जीप त्याची, ट्रेलर त्याचा, काळूराम त्याचाच ड्रायव्हर. मोडलेला ट्रेलर त्याने शेडमध्ये आणून टाकला होता आणि त्याच्याकडे पाठ करून तो उभा होता.

"लोक बोलतात, काळूकाका आणि मी मिळून घंटा खाल्ली," तो म्हणाला. "मॅडम, मी देवीची घंटा खाऊन राहू कुठं? याच रस्त्याला ना?"

क्षिप्रा ट्रेलरखाली शिरली. आस सरळ होता. टायर नवे. जोडणीचा गोळा आणि त्यावरची कडी यांत जरासुद्धा ढिलाई नव्हती.

"याच्या आधी कधी डोलला होता?"

"कधीच न्हाय. दोन-दोन स्कूटर घेऊन माणगावपर्यंत गेलाय, हायवेला. तीर गेल्यासारखा जातो."

"स्कूटर कशा लावता?"

"इंजिन चाकांच्या जरा पुढं येईल अशा. ज्याच्याकडून ट्रेलर घेतला त्यानं तसं शिकवलं. का, ते त्यानं सांगितलं न्हाय, आम्ही विचारलं न्हाय."

"असाच दुसरा ट्रेलर आहे?"

"हाय की. जुळा भाऊ याचा."

"उद्या सकाळी तो घेऊन चौलला या. रिकामा."

मितेश तिच्याकडे बघत राहिला. "मॅडम, पोलीस मला संध्याकाळी बोलावतायत. उद्या सकाळी मी बाहेर असंन का?"



४

मुरूडच्या शाळेच्या सभागृहात अजेय चित्रे मधोमध ठेवलेल्या रिकाम्या चौथऱ्याभोवती फेऱ्या मारत होता. तिशीतला, इतिहासाचा अभ्यासक, प्रदर्शन त्याच्याच डोक्यातून निघालेलं. भिंतीकडेने इतर गावांच्या घंटा मांडलेल्या होत्या.

"मी तुम्हाला पुरावाच देतो," तो तावातावाने म्हणाला. "मी स्वतः माझ्या गाडीतून त्या ट्रेलरच्या मागे होतो. माणूस वेड्यासारखा चालवत होता. ट्रेलर या बाजूला, त्या बाजूला. मी हॉर्न वाजवले. मला तेव्हाच वाटलं, हा प्यायलाय."

"कुठे होता हा प्रकार?"

"चौल सोडल्याबरोबर. रेवदंड्याच्या आधीच, नारळाच्या बागा संपून जरा सरळ रस्ता लागतो ना, तिथे."

"रेवदंड्याच्या आधी? नक्की?"

"नक्की म्हणजे? मी वैतागून तिथेच त्याला मागे टाकला आणि पुढे निघून आलो. नंतर तो रेवदंड्याला चहाला थांबला म्हणे. तेव्हाच घंटा उतरवली असणार. मी मागे राहिलो असतो तर..." त्याचा आवाज चिरकला. "गावाने माझ्या शब्दावर दिली होती हो घंटा. सात-आठ वेळा गेलो होतो मागायला."

क्षिप्रा रिकाम्या चौथऱ्याच्या कडेला टेकली. हा माणूस काळूरामला अडकवायला निघाला होता आणि नकळत त्याला सोडवत होता. पण ते त्याला आताच सांगण्यात अर्थ नव्हता.

"एक विचारू? झाडं कुठे ठेवणार होतात?"

"कसली झाडं?"

"कुंड्यांतली. त्यासाठी चौलहून वाळू मागवली होतीत ना, सहा पोती?"

अजेयने आधी तिच्याकडे बघितलं, मग खिडकीकडे. खिडकीबाहेर माडांच्या पलीकडे समुद्र पसरलेला होता.

"मॅडम," तो म्हणाला, "दाराशी एवढी वाळू असताना मी चौलहून वाळू कशाला मागवू? आमच्याकडे एकही कुंडी नाही."

५

चौलला पोचायला तिला दुपार झाली. सोमजाईचं देऊळ सुपारीच्या बागांमध्ये दडलेलं. सभामंडपाच्या तुळईला जिथे घंटा टांगलेली असायची तिथे आता नुसता लोखंडी आकडा होता. पायरीशी सोनूबाई अबोलीचे गजरे घेऊन बसली होती. तिने आत जाणाऱ्या प्रत्येकाकडे बघायचं सोडलं होतं, कारण आत जाणारा प्रत्येक जण सवयीने हात वर करत होता आणि हात तसाच खाली घेत होता.

"उतरवताना तुम्ही होतात का, मावशी?" क्षिप्राने गजरा घेत विचारलं.

"व्हते तं. पर आत न्हाय. दुपारच्याला देऊळ बंद केलं व्हतं, यशोधनदादांनी. आतून एकदाच वाजली."

"शेवटचीच म्हणायची."

सोनूबाईने मान हलवली. "वाजली म्हंजे... तशी न्हाय वाजली. जल्म गेला माझा ती घंटा ऐकण्यात. मडकं आपटल्यावानी वाजली. माझ्या काळजात चर्र झालं. म्हटलं, जायचं न्हाय तिला. नाराज हाय."

घंटेची देखरेख करणारं घर देवळामागेच होतं. कर्णिकांची वाडी. भाऊ कर्णिक, ऐंशीच्या घरातले, देवस्थानचे जुने विश्वस्त, झोपाळ्यावर बसले होते. त्यांचा पुतण्या यशोधन अलिबागच्या कोर्टात वकिली करायचा. यंदापासून देवस्थानचा कारभार भाऊंनी त्याच्या हातात दिला होता.

"मी मोडता घातला होता," भाऊ म्हणाले. "घंटा गावाबाहेर नको म्हटलं. पण यशोधन म्हणाला, भाऊकाका, जग बघायला येईल. मुलांच्या उत्साहापुढे किती बोलायचं? फक्त एवढं म्हटलं, अलिबागचा चेनपुलीवाला येईपर्यंत हात लावू नकोस."

"आला का तो?"

"दोन दिवसांनी येणार होता. पण यशोधनने आधीच व्यवस्थित उतरवून ठेवली. मला म्हणाला, काम झालं. हुशार आहे तो."

"आणि वाळूची पोती? काळूरामला तुम्ही सांगितलंत, कुंड्यांसाठी आहेत म्हणून."

"यशोधन म्हणाला तसं मी सांगितलं."

ओटीच्या दारात यशोधन येऊन उभा होता. चाळिशीचा, कडक इस्त्रीचा सदरा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. "प्रदर्शनवाल्यांनी मागवली होती," तो म्हणाला. "अजेयने फोनवर."

"असं होय," क्षिप्रा म्हणाली.

तेवढ्यात अंगणात धडधड झाली. वाडीतला गडी मोरू दुचाकी हातगाडीवरून नारळ उतरवत होता. पुढचे नारळ त्याने आधी काढले आणि मागचा ढीग तसाच राहिला, त्यामुळे गाडीचा दांडा सटकन वर उडाला होता आणि सगळे नारळ अंगणभर घरंगळत होते. भाऊ खो खो हसले. मोरूही हसला.

यशोधन हसला नाही. तो त्या उडालेल्या दांड्याकडे बघत होता, आणि क्षिप्रा त्याच्याकडे.

"उद्या सकाळी तुमचं अंगण मला लागेल," ती म्हणाली. "आणि तुम्ही दोघंही."

६

मितेशला पोलिसांनी रात्री सोडलं होतं. हवालदारालाही बोलावलं होतं, तो अंगणाच्या कडेला दुचाकीवर बसून होता. अजेय मुरूडहून आला. अमिषा पहिल्या एस.टी.ने आली होती, न सांगता.

"दहा मिनिटं द्या मला," क्षिप्रा म्हणाली. "मितेश, जुळा ट्रेलर तिथे उभा करा. जीपपासून सोडवा."

मोरूने आणि मितेशने सहा पोती वाळू मागच्या फाळक्याशी लावली. मधे अजेयने आणलेल्या तशाच फळ्या. पुढे, खोक्याच्या जागी, तेवढाच रिकामा खोका.

"अमिषा, दांडा उचल."

अमिषा पुढे आली. सडपातळ पोर, कॉलेजात जाणारी. तिने दोन्ही हात लावले आणि पहिल्याच झटक्यात दांडा छातीपर्यंत आला. तिने एक हात सोडला. तरी दांडा खाली गेला नाही.

"आता खोक्यात जांभ्याचे दगड भरा. घंटेएवढ्या वजनाचे."

दगड भरून झाले. अमिषाने पुन्हा जोर लावला. चेहरा लाल झाला, दांडा जमिनीपासून हलला नाही. मग मितेशने दोन हातांनी, दात आवळून, तो जेमतेम उचलला.

"काळूराम म्हणाले, त्या सकाळी दांडा मी एका हाताने उचलला," क्षिप्रा म्हणाली. "इथेच, याच अंगणात. तेव्हा हवालदारसाहेब, घंटा रेवदंड्याला चहाच्या वेळी उतरलेली नाही. जीप जोडली तेव्हाच खोका रिकामा होता."

"ड्रायव्हर स्वतःच सांगतोय ते," हवालदार म्हणाला. "त्याच्या शब्दावर कसा विश्वास ठेवायचा?"

"त्याच्या शब्दावर नकोच. मितेश, दगड काढा आणि जीप जोडा. अजेय, तुम्ही त्या दिवशीसारखे मागून या. मितेश, सरळ रस्त्यावर जरा वेग घ्या, पण जपून, डोलायला लागला की पाय काढा. ब्रेक मारू नका."

दोन्ही गाड्या बागांमधून निघून गेल्या. परत आल्या तेव्हा अजेय गाडीतून उतरला तो पांढराफटक पडला होता.

"तसाच," तो म्हणाला. "अगदी तसाच. आणि मितेश तर सरळ चालवत होता. स्टिअरिंग हललं नाही त्याचं."

"दगड घालून पुन्हा जा."

दुसऱ्या फेरीनंतर मितेश उतरला तो नुसता मान हलवत होता. "तेवढाच वेग. तीर गेल्यासारखा गेला."

"पण का?" भाऊंनी विचारलं. ते झोपाळ्यावरून उठून अंगणात आले होते, काठी न घेता. "वजन तर दुसऱ्या वेळी जास्त होतं."

"वजन किती याला फार महत्त्व नाही, भाऊ. ते चाकांच्या कुठल्या बाजूला आहे, याला आहे. रस्त्यात खड्डा येतो, वाऱ्याचा झोत येतो, ट्रेलर थोडा तरी तिरका होतोच. ओझं चाकांच्या पुढे असेल तर चाकं त्याला पुन्हा जीपच्या रेषेत आणतात. ओझं मागे असेल तर एकदा बाहेर गेलेली शेपूट आपल्याच भाराने आणखी बाहेर जाते. परत येते ती दुसऱ्या बाजूला आणखी लांब. हळू चाललात तर झोका विरून जातो. वेग वाढला की प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. आणि तशात जीपने ब्रेक मारला, की मागचं ओझं जीपलाच ढकलून आडवं करतं. काशीदच्या उतारावर तेच झालं. रस्त्यावरच्या खुणा बघा, प्रत्येक वळसा मोठा होत गेलाय. प्यायलेला माणूस असा शिस्तीत डोलत नाही."

दूर कुठेतरी पाणी सोडल्याचा आवाज येत होता.

"आणि हे रेवदंड्याच्या आधीच सुरू झालं होतं. ते बघितलं अजेय यांनी, ज्यांना काळूरामला वाचवायचं मुळीच नव्हतं. म्हणजे घंटा चौलमधून हललीच नाही. राहिली पोती. अजेय, तुम्ही वाळू मागवलीत?"

"कधीच नाही."

"मग ती कशासाठी? खोका रिकामा आहे हे ज्याला माहीत होतं, त्याला भीती होती की जीप ओढताना ड्रायव्हरला ट्रेलर हलका लागेल. म्हणून वजन भरून काढायचं होतं. वाळू खोक्यातच का नाही घातली? कारण मुरूडला खोका उघडल्यावर आत चौलच्या किनाऱ्याची काळी वाळू दिसली असती, तर चोरी चौलमध्येच झाली हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. खोका रिकामा दिसायला हवा होता, म्हणजे संशय वाटेवर जातो. म्हणून पोती उघडपणे, कुंड्यांचं नाव करून. आणि एकट्याला चढवायला सगळ्यात सोपी जागा कुठली? मागचा फाळका, तो खाली पाडला की झालं. एकट्याला, हं. कारण दोघं असते तर एक जण तरी म्हणाला असता, अरे, पुढे ठेवू या."

ती यशोधनकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता.

"मला फक्त एक कळत नव्हतं. तुम्ही विकायला चोरली म्हणावं, तर तुमच्याच वाडीतून, तुमच्याच ताब्यातली? संशय आधी तुमच्यावरच आला असता. मग सोनूबाई म्हणाल्या की घंटा शेवटची वाजली ती मडक्यासारखी. यशोधन, ती उतरवताना काय झालं?"

यशोधनने एकदा भाऊंकडे बघितलं आणि मग तो मागच्या गोठ्याकडे चालू लागला. सगळे त्याच्या मागे गेले. गोठा रिकामाच होता, कोपऱ्यात झावळ्यांचा ढीग. यशोधनने झावळ्या एकेक करून बाजूला केल्या. इस्त्रीच्या सदऱ्यावर धूळ बसत होती.

खाली घंटा होती. काठापासून वर, वीतभर, केसाएवढी काळी रेघ गेली होती.

"मोरूला हातगाडी आणायला पाठवलं होतं," यशोधन म्हणाला. "दोर खांबाला गुंडाळून मी एकटाच सोडत होतो. वाटलं, जमेल. चेनपुलीवाला आणखी दोन दिवस येणार नव्हता आणि मला सगळं वेळेत करून दाखवायचं होतं. दोर निसटला. मोरू आला तोवर ती गोणपाटात गुंडाळली आणि खोक्यात मी भरतो म्हणून त्याच्या गाडीवरून इथे आणवली." त्याने तड्यावरून बोट फिरवलं. "तीनशे वर्षं टिकली आणि माझ्या हातात आल्यावर पहिल्याच वर्षी... मी गावाला काय तोंड दाखवणार होतो? चोरीला गेली म्हटलं असतं तर निदान... पण अपघात होईल असं मला खरंच वाटलं नव्हतं. वजन सारखं केलं होतं मी. सारखं केलं होतं."

"आणि काळूराम दवाखान्यात पडल्यावर?" क्षिप्राने विचारलं. "त्याच्यावर गुन्हा दाखल होतोय हे कळल्यावर?"

अमिषा पुढे आली. ती ओरडेल असं सगळ्यांना वाटलं. पण ती एवढंच म्हणाली, "बाबांना सगळे चोर म्हणत होते आणि तुम्ही ऐकत होतात. तुम्ही वकील आहात ना?"

भाऊ खाली बसले. त्यांनी बोटाच्या पेराने घंटेवर हलकेच टिचकी मारली. खरखरीत, फाटका आवाज आला आणि लगेच विझला. मग हात टेकत उठले.

"तडा नुसता घंटेलाच गेला असता तर मी रडलो असतो, यशोधन, आणि गप्प बसलो असतो," ते म्हणाले. "चल. आधी ठाण्यात, मग दवाखान्यात. मी येतो बरोबर."

७

दवाखान्याच्या खोलीत भाऊ दाराशीच थांबले. यशोधन एकटा खाटेजवळ गेला. ठाण्यात त्याने सगळं लिहून दिलं होतं. काळूरामवरचा गुन्हा मागे घेतला जाणार होता आणि यशोधनवर चढणार होता. संध्याकाळी देवळात गावासमोर बोलायचंही त्याने कबूल केलं होतं. कोर्टात तासन्‌तास बोलणारा माणूस, पण इथे त्याला पहिला शब्द सापडेना.

"बसा," काळूराम म्हणाला.

यशोधन बसला नाही. त्याने सांगितलं, उभ्यानेच, सगळं. दोर, तडा, झावळ्या, पोती. आणि शेवटी, "काळूरामदादा, माझ्यामुळे तुमचा जीव गेला असता."

काळूराम छताकडे बघत ऐकत होता. अमिषाने त्याच्या हातावर हात ठेवला होता. क्षिप्रा खिडकीशी उभी होती. तिला वाटत होतं, आता हा माणूस शिव्या देईल, आणि दिल्या तर बरंच होईल, दोघांनाही.

"घंटा तुमी एकट्यानी उतरवली," काळूराम शेवटी म्हणाला.

"हो."

"पोती पण एकट्यानीच चढवली."

"हो."

"त्या दुपारी ट्रेलर घेऊन मी आलेलो," काळूराम म्हणाला. "देवळाच्या मागं, फणसाच्या सावलीला, डबा खात बसलो होतो. तुमी दार लावलंत ता पण बघितला." त्याने मान वळवून यशोधनकडे बघितलं. "एक हाक मारली असती, साहेब, तं दोर धराला आलो असतो."